तळाची मूठ

माझ्या सुनेनं अशिलांच्या पैशांत हात घातला, ही बातमी मला माझ्या धाकट्या जावेनं दिली, आणि तीही जिन्यात, माझ्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असताना. म्हणजे कानांवर हात ठेवायचीही सोय नाही.

"वहिनी, मला तर बाई खरंच वाटेना," ती म्हणाली. एखादी गोष्ट खरी वाटत नसली की तिचे डोळे फार चमकतात. "वकिलांची कसलीशी शिस्त समिती असते, तिच्यासमोर उभं राहायचंय म्हणे तिला. सनदच जाणार म्हणतात. पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं."

"मी कशाला लावून घेऊ? तू आहेस की लावायला," मी म्हटलं. "आता बाजूला हो. बटाटे जड आहेत."

असं तोऱ्यात म्हणून वर आले खरी, पण दाराशी किल्ली काही केल्या कुलपात जाईना. शेवटी ह्यांनी आतून दार उघडलं आणि विचारलं, "काय गं, भाजीवाल्याशी भांडलीस का?" मी भांडले नाही, याच गोष्टीची त्यांना जास्त काळजी वाटली.

माझी सून वकील आहे. कोर्टात हातवारे करणारी नव्हे. लोकांच्या घरांच्या खरेदी-विक्रीची कागदपत्रं करते, आणि माणूस गेला की त्याच्या मागे राहिलेलं त्याच्या पोरांत भांडण न होता वाटून देते. हे दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड आहे, हे मला विचारा. तिचं ऑफिस आमच्याच रस्त्यावर, चष्म्याच्या दुकानाला लागून. दारावर तिच्या नावाची पितळी पाटी आहे. ती पाटी रोज सकाळी मी पुसते. मला कोणी सांगितलेलं नाही. कारकुनाला पुसता येत नाही, ओरखडे उठतात, म्हणून मी पुसते.

घर घेणारा आधी पैसे तिच्याकडे ठेवतो, सह्या झाल्या की ती ते विकणाऱ्याला देते. मधल्या दिवसांत ते पैसे बँकेत एका निराळ्या खात्यात असतात. त्याला म्हणतात अशिलांचं खातं. तिच्या स्वतःच्या कमाईचं खातं वेगळं. एकदा एका अशिलाचे अगदी चिल्लर पैसे तिच्याकडे उरले होते, चहाचा कपसुद्धा आला नसता त्यात. तो माणूस गाव सोडून गेलेला. ही बाई त्याचा पत्ता शोधत पत्रांवर पत्रं लिहीत बसली. पैशांपेक्षा टपालखर्च जास्त झाला. अशा बाईनं म्हणे पैसे खाल्ले!

संध्याकाळी सगळे घरी आले तेव्हा मी जेवणाचं टेबल पुसून घेतलं, पानं वाढली आणि तिला समोर बसवलं. एका बाजूला आमचे हे, दुसऱ्या बाजूला माझा मुलगा. मुलगा इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर अडकलेल्या लोकांना सोडवतो, पण घरात बायको आणि आई यांच्या मध्ये अडकला की त्याला कोणी सोडवत नाही.

"खरं काय ते सांग," मी तिला म्हटलं. "गोल गोल नको. माझ्या घरातली गोष्ट मला जिन्यात ऐकायची नाही."

तिनं ताट जरा पुढे सरकवलं. मग म्हणाली, "आई, मी त्या खात्यातून पैसे काढले नाहीत. घातले."

"घातले? कोणाचे?"

"माझे."

"कुठे?"

"अशिलांच्या खात्यात."

"बरं. मग गुन्हा काय?"

"हाच."

माझ्या मुलाचा घास तोंडातच राहिला. "म्हणजे लोकांचे पैसे खायचे सोडून तू त्यांना आपले चारलेस?"

आमचे हे तर इतके हसले की चष्मा आमटीत पडता पडता वाचला. "अगं, असला चोर आपल्याकडे एकदा तरी यायला हवा होता!"

"बाबा, हसू नका ना," ती म्हणाली, पण तिलाही हसू फुटलं, आणि मग हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. मी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला आणि बाकीच्या दोघांकडे असं पाहिलं की ते गप्प झाले.

मग तिनं सगळं सांगितलं. लग्न होऊन आली त्या आठवड्यात मी तिला आमचं स्वयंपाकघर समजावून दिलं होतं. माझ्या घरात एक नियम आहे. कुठलाही डबा तळाला लागू द्यायचा नाही. पीठ असो, तांदूळ असो, साखर असो, शेवटची मूठ तळाशी राहिली की नवीन पिशवी आणून वरून ओतायची. रिकामा डबा मला बघवत नाही. माझ्या आईलाही बघवत नसे. माझ्या डब्यांचे तळ मी स्वतः कित्येक वर्षांत पाहिलेले नाहीत, आणि याचा मला अभिमान आहे. म्हणजे होता.

"ऑफिस उघडलं तेव्हा अशिलांचं खातं अगदी कोरं होतं," ती म्हणाली. "मला तुमचे डबे आठवले. पहिली फी आली ती मी माझ्या खात्यात न घेता तिथेच राहू दिली. तळाला. म्हटलं, बँकेनं काही कापलं, कुठे आकडा चुकला, तर अशिलाला कमी पडायला नको. मग दर वर्षी थोडी थोडी भर घालत गेले."

आता मी खोटं कशाला बोलू, माझा ऊर भरून आला. सासूची शिकवण बँकेपर्यंत नेणारी सून कोणाला मिळते? जावेची सून तर तिच्या हातचा चहासुद्धा पीत नाही.

"मग चांगलंच केलंस की!" मी म्हटलं. "कुठे आहे ती समिती? मी बोलते त्यांच्याशी."

"आई, नियम तसा नाही. अशिलाच्या पैशांत वकिलानं आपला पैसाही मिसळायचा नाही. एक दमडी नाही. काढणं जितकं वाईट, मिसळणंही तितकंच वाईट."

"हा कुठला उफराटा नियम!"

गोष्ट अजून पुरी झालेली नव्हती. वार्षिक तपासणीला वकील संघाचा तपासनीस आला, त्यानं खातं पाहिलं आणि त्याला दोन गोष्टी सापडल्या. एक ही तळाची मूठ. आणि दुसरी अशी, की तिच्या कारकुनानं घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या अशिलाला त्यानं विकलेल्या दुकानाचे पैसे चुकून दोनदा पाठवले होते. तो घड्याळजीही काही बोलला नाही. त्याला वाटलं, वकील लोक हप्त्यानं देत असतील. कळल्यावर बिचाऱ्यानं लगेच परत केले, वर कारकुनाचं मनगटी घड्याळ फुकट साफ करून दिलं. पण मधले कितीतरी महिने ते पैसे गेलेले होते आणि कोणाला पत्ताच नव्हता. कारण खात्यात कमी काही पडलंच नाही. सुनेच्या पैशांनी खड्डा भरून निघाला होता.

"आता काय करतील ते?" मुलानं विचारलं.

"समज देऊन सोडतील. किंवा दंड करतील. किंवा काही महिने सनद थांबवतील." तिनं पेला टेबलावर फिरवला. "किंवा काढूनच घेतील. सनद गेली की ऑफिस बंद. पाटी उतरवायची."

पाटी म्हटल्यावर मी उठले आणि उगीचच ओटा पुसायला लागले. ओटा स्वच्छच होता.

त्यानंतरचे दिवस आमच्या घरात रोज कोर्ट भरायचं. सूनबाईनं ठरवलं होतं की दुसरा वकील द्यायचा नाही, आपली बाजू आपणच मांडायची. मग ती फ्रिजसमोर उभी राहून बोलायची आणि आमचे हे खांद्यावर टॉवेल टाकून न्यायाधीश व्हायचे. त्यांना हे काम फार मानवलं. आयुष्यभर ज्या घरात त्यांचं कोणी ऐकलं नाही, तिथे आता सगळे त्यांच्यापुढे उभे राहून बोलत होते.

"आरोपीला काही म्हणायचंय?" ते खर्जात विचारायचे.

"महोदय, चूक माझीच आहे..."

"थांबा. आरोपीच्या सासूनं आरोपीला किती छळलं, ते आधी येऊ द्या."

"अहो!" मी ओरडायची.

"साक्षीदारानं मध्ये बोलू नये. निकाल असा आहे की आरोपी निर्दोष. सासू दोषी. शिक्षा म्हणून तिनं सगळ्यांना चहा द्यावा, आणि न्यायाधीशांच्या कपात साखर घालावी."

"न्यायाधीशांनी आपलं रक्त तपासून घ्यावं," मी म्हणायची, आणि त्यांचा कप बिनसाखरेचाच द्यायची.

ह्यांना साखर बंद आहे. डॉक्टरनं तंबी दिलेली आहे आणि माझ्या घरात डॉक्टरच्या तंबीपेक्षा माझी तंबी कडक. एक दाणा त्यांच्या तोंडात जात नाही. तरी त्या आठवड्यात तपासणीला गेलो तर आकडा पुन्हा वर. डॉक्टर माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच रोज ह्यांना भरवते. मी त्याला स्पष्ट सांगितलं, "तुमचं यंत्र बिघडलंय. आधी ते दुरुस्त करून घ्या, मग लोकांच्या नवऱ्यांना नावं ठेवा." आमचे हे त्या वेळी खाली बघून बुटाची नाडी बांधत होते. त्यांच्या बुटाला नाडी नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

सुनावणीच्या दिवशी सूनबाईनं मला बजावलं. "आई, यायचं तर या, पण तिथे बोलायचं नसतं. प्रेक्षकांनी फक्त बसायचं."

"मी कधी बोलते?" मी म्हटलं. मुलगा खोकला.

मला वाटलं होतं, मोठं दालन असेल, उंच खुर्च्या असतील. तर ती एका ऑफिसच्या वरच्या मजल्यावरची साधी खोली निघाली. लांब टेबल, मागे तिघं जण, खिडकीत एक सुकत चाललेलं झाड. मला आधी त्या झाडाला पाणी घालावंसं वाटलं. टेबलाच्या मधोमध अध्यक्षीण बसली होती. पांढरे केस कापलेले, आवाज इतका हळू की सगळ्यांना पुढे वाकून ऐकावं लागे. चलाख बाई. मी आयुष्यभर ओरडत राहिले, मला हे सुचलं नाही. तिच्या एका बाजूला पेन्सिल चावणारा एक टकल्या, दुसऱ्या बाजूला सारखं पाणी पिणारे एक गृहस्थ. आम्ही मागच्या खुर्च्यांवर बसलो. आमचे हे मुद्दाम माझ्या मागच्या रांगेत बसले. म्हणाले, तिथे पंख्याचं वारं चांगलं येतं.

तपासनीसानं आरोप वाचून दाखवले. सूनबाई उभी राहिली. "दोन्ही गोष्टी मला मान्य आहेत," ती म्हणाली. आवाज स्वच्छ, फ्रिजसमोर येत होता तसाच.

"पैसे का ठेवलेत?" अध्यक्षिणीनं विचारलं.

"सावधगिरी म्हणून. अशिलाला कधी कमी पडू नये म्हणून."

"नियम माहीत होता?"

"माहीत होता. मला वाटलं, काढणाऱ्यांसाठी तो आहे. घालणाऱ्याला कोण विचारणार."

"ही कल्पना आली कुठून?"

सूनबाई आणखी ताठ उभी राहिली. मी तिची पाठ बघत होते. त्या पाठीवरून मला कळलं की ती माझं नाव घेणार नाही. जीव गेला तरी घेणार नाही. आता सांगा, एखादी पोर आपल्यासाठी अशी उभी असेल तर आपण काय पिशवी मांडीवर घेऊन बसून राहायचं?

मी उठले. "मी शिकवलं तिला," मी म्हटलं. "मी तिची सासू. काय विचारायचं ते मला विचारा."

"आई!" सूनबाई वळली.

"तू थांब गं." मी पुढे गेले. "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, मी अक्षर अक्षर जुळवून वाचणारी आहे. पण मला एवढं सांगा. हिनं स्वतःच्या ताटातलं काढून दुसऱ्याच्या ताटात वाढलं. यात चोरी कुठली? तुमच्यासमोर रोज खाणारे येत असतील. एक वाढणारी आली तर तुम्ही तिलाच धरता?"

टकल्यानं पेन्सिल तोंडातून काढली. पाणीवाल्यानं पेला खाली ठेवला. मला वाटलं, जिंकले.

अध्यक्षीण रागावली नाही. तिनं मला टेबलाजवळची खुर्ची दाखवली. मी बसले नाही. उभ्यानं बोलायला जोर येतो.

"आजी, काय शिकवलंत तुम्ही नेमकं?"

मी तिला डब्यांचं सांगितलं. तळाची मूठ कशी राखायची, वरून कसं ओतायचं, सगळं. ती लक्ष देऊन ऐकत होती. स्वयंपाकघरातली बाई होती ती, नक्की.

"साखरेचा डबाही तसाच?"

"सगळे डबे तसेच."

"महिन्याला साखर किती लागते तुम्हाला?"

"ते कशाला बघू? कमी झाली की ओतते. कधी संपत नाही, मग झालं."

"बरोबर," ती हळूच म्हणाली. "संपत नाही. मग कोणी त्यातली रोज चमचाभर काढत असेल, तर तुम्हाला कसं कळेल?"

"माझ्या घरात कोण काढणार?"

"ते मला माहीत नाही. मी विचारते, कळेल कसं?"

मी तोंड उघडलं. उत्तर द्यायलाच उघडलं होतं, मला कधी उत्तर कमी पडलेलं नाही. पण तेवढ्यात डबा डोळ्यांसमोर आला. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा. झाकण उघडायला चमच्याचा दांडा लावावा लागतो. तो चमचा हल्ली सारखा ओट्याच्या कडेला पडलेला असतो, आणि मी कामवालीवर चिडते. मग मला डॉक्टरचं यंत्र आठवलं. मग ती बुटाची नाडी.

मी सावकाश मागे वळले.

आमचे हे छताकडे बघत होते.

"अहो," मी म्हटलं.

"पंखा छान आहे नाही?" ते म्हणाले.

"खाली बघा."

त्यांनी खाली बघितलं. त्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं, आणि ते वाचायला मला अक्षरं जुळवावी लागली नाहीत.

"रोज नाही गं," ते पुटपुटले. "दिवसाआड."

टकल्याची पेन्सिल टेबलाखाली पडली आणि ती उचलायला तो वाकला तो लवकर वर आलाच नाही, नुसते खांदे हलत होते. पाणीवाल्याला ठसका लागला. माझा मुलगा हातांत तोंड लपवून बसला. तपासनीस, जो सकाळपासून लाकडासारखा उभा होता, तोही भिंतीकडे वळला.

अध्यक्षिणीनं सगळं शांत होऊ दिलं. "आजी, तुमचे यजमान चोर नाहीत. तसा सुनेचा कारकूनही चोर नव्हता, फक्त चुकला. पण तुम्हा दोघींनाही कळलं नाही, कारण तळाला भरपूर होतं. रिकामा डबा बोलतो. तळाची मूठ त्याचं तोंड बंद करते. आणि दुसरं असं, उद्या तुमच्या सुनेला कोणाचं कर्ज झालं आणि तो तिच्या पैशांवर टाच आणायला आला, तर त्या एका खात्यातलं तिचं कोणतं आणि घड्याळजीचं कोणतं, हे कोण निवडून देणार? मिसळलेली साखर वेगळी करता येते का?"

मला काही बोलायचं होतं. काय, ते आता आठवत नाही. पण तेवढ्यात सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही बसा."

घरात आल्यापासून या मुलीनं मला कधी बस म्हटलेलं नाही. मी बसले.

मग ती समितीकडे वळली. "डबे आईंचे आहेत, ती त्यांच्या घरची रीत आहे. खातं माझं आहे. सनद माझ्या नावावर आहे, आणि नियम वाचून सही मी केलेली आहे. त्यांनी मला स्वयंपाकघर शिकवलं, वकिली नाही. दुहेरी पैसे गेले ते मला दिसायला हवे होते. दिसले नाहीत, कारण न दिसण्याची सोय मीच करून ठेवली होती. हे मला आज, आत्ता नीट कळलं. शिक्षा काय द्यायची ती मला द्या."

एवढं बोलून ती बसली. हे फ्रिजसमोर कधी बोलली नव्हती ती.

आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. बाहेर एक लांब बाक होता. मी एका टोकाला बसले, आमचे हे दुसऱ्या टोकाला, मध्ये पोरं. माझ्या पिशवीत पाण्याची बाटली होती. मी ती घट्ट धरून बसले होते आणि मनात एकच, पाटी. चार स्क्रू आहेत तिला. उतरवायची झाली तर मुलालाच उतरवावी लागणार. भिंतीवर तेवढा चौकोन स्वच्छ राहणार आणि तो मला रोज दिसणार, भाजीला जाताना आणि येताना.

सूनबाईनं माझ्या हातातली बाटली काढून घेतली आणि हात हातात घेतला. "थंड पडलाय," ती म्हणाली.

"मी बोलायला नको होतं."

"नको होतं," ती म्हणाली. मग माझा हात चोळत, "पण बरं झालं."

बाकाच्या त्या टोकावरून आवाज आला, "माझ्यामुळेच तर मुद्दा स्पष्ट झाला."

"तुमचं घरी गेल्यावर बघते," मी म्हटलं, आणि आम्ही चौघंही हसायला लागलो. तेवढ्यात दार उघडलं. आम्ही हसत हसतच आत गेलो, ते काही बरं दिसलं नसणार.

अध्यक्षिणीनं निकाल वाचला. हेतू चांगला होता हे मान्य, पण चांगल्या हेतूनं नियम मोडला तरी तो मोडलेलाच असतो. लेखी ताकीद. दंड. वर्षभर दर महिन्याला बाहेरचा हिशेबनीस येऊन खातं तपासणार. सूनबाईनं खात्यांच्या नियमांच्या वर्गाला बसायचं, कारकुनासकट. स्वतःचे पैसे आठवड्याच्या आत बाहेर काढायचे. आणि ही ताकीद संघाच्या पत्रिकेत सगळ्यांना वाचायला छापली जाणार.

"आणि सनद?" मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं, ते आपोआप बाहेर पडलं.

"सनद तिच्याकडेच राहील, आजी."

मी काय केलं, ते माझा मुलगा अजून लोकांना सांगतो. मी म्हणे उठले, खिडकीपाशी गेले, आणि माझ्या बाटलीतलं सगळं पाणी त्या सुकलेल्या झाडाला घातलं. घातलं असेल. कोणीतरी घालायलाच हवं होतं.

जिना उतरताना मी सूनबाईला म्हटलं, "दंड जरा जास्तच लावला. थोडं कमी करा म्हणायला हवं होतं."

"आई, ते भाजीवाले नाहीत."

"म्हणून काय झालं?"

पत्रिका आली त्या दिवशी मी ती घेऊन जिन्यात उभी राहिले. जाऊबाई वर येतच होत्या, हातात पिशव्या घेऊन.

"धाकटे, बरी भेटलीस. माझा चष्मा घरी राहिलाय. एवढं वाचून दाखव बरं. मोठ्यानं वाच, मला ऐकू कमी येतं." चष्मा माझ्या डोक्यावर होता आणि मला मुंगीचं चालणंही ऐकू येतं, हे तिला ठाऊक आहे.

तिनं पिशव्या खाली ठेवल्या आणि वाचायला लागली. ताकीद वाचताना आवाज चढला. दंड वाचताना आणखी चढला. मग ते वाक्य आलं, "या प्रकरणात अशिलांच्या पैशांचा कोणताही अपहार झालेला नाही, उलट..." तिथे आवाज उतरला.

"पुन्हा एकदा. नीट ऐकू आलं नाही," मी म्हटलं.

पुन्हा वाचलं बिचारीनं. वरच्या मजल्यावरचं दार उघडलं, खालच्याही मजल्यावरचं उघडलं. तिसऱ्यांदा मी वाचायला लावलं नाही. मी काही दुष्ट नाही. तिच्या बटाट्यांची पिशवी मीच वर नेऊन दिली.

अशिलांच्या खात्यात आता फक्त अशिलांचे पैसे असतात. काही दिवस तर अगदी काहीच नसतं. सूनबाई सांगते, पहिल्यांदा ते कोरं खातं तिनं तीनदा उघडून पाहिलं, आता मात्र शांत वाटतं. मला अजून वाटत नाही. पण सुनावणीनंतरच्या रविवारी मी माझे सगळे डबे टेबलावर काढले, एकेक पालथा करून रिकामा केला, घासला, उन्हात ठेवला. कित्येक वर्षांनी तळ दिसले. तांदळाच्या डब्यात मुलाच्या लहानपणीची एक गोटी सापडली. साखरेच्या डब्याच्या तळाशी काय असेल म्हणता? जुनी साखर दगड होऊन बसलेली, आणि तिच्यावर चमच्यानं खरवडल्याच्या खुणा. म्हणजे हे गृहस्थ तळापर्यंत पोचले होते, आणि मी वरून ओतत बसले होते.

दुपारी सूनबाई एक जड खोकं घेऊन आली. खात्यातून काढलेल्या पैशांतून दंड भरून जे उरलं, त्याचं तिनं हे आणलं होतं. मी उघडलं. काचेच्या बरण्या. एकसारख्या, जाड बुडाच्या, आरपार दिसणाऱ्या. मी एकीत साखर भरली, चमच्याच्या पाठीनं वरचा थर सारखा केला आणि खिडकीत उजेडात ठेवली.

आमचे हे दारात उभे राहून बरणीकडे बघत होते. कितीतरी वेळ बघत होते.

"सूनबाई," ते शेवटी म्हणाले, "तुझ्या त्या समितीकडे अपील करता येतं का गं?"